अंगावरून जाते म्हणून अंगावर काढू नका

“पिशवीला सूज आहे” असे डॉक्टरांनी सांगितले, की वस्तीतील बहुतेक भगिनी त्याचे दोनपैकी एक अर्थ लावतात. एक म्हणजे, बाईच्या जातीला हे असायचेच, चार दिवस गोळ्या खायच्या आणि कामाला लागायचे. दुसरा म्हणजे, आता पिशवी काढावी लागणार. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत, आणि दोन्हींनी आपल्या घरांतील स्त्रियांचे भरून न येणारे नुकसान केले आहे. म्हणून या वेळी ओटीपोटातील सुजेविषयी सविस्तर लिहीत आहे. हे पान घरातल्या पुरुषांनीही वाचावे. त्यांच्या वाट्याचा भाग पुढे येणारच आहे.

आशाताई घरोघरी फिरताना विचारतात, “वहिनी, अंगावरून पांढरे कधीपासून जातेय?” उत्तर येते, “धाकट्याच्या वेळेपासनं जातंय की ताई. त्याला काय करायचं?” धाकटा आता शाळेत जात असतो. एवढी वर्षे त्या बाईने कंबर बांधून धुणीभांडी केलेली असतात, टोपल्या उचललेल्या असतात, आणि या दुखण्याला दुखणे म्हणायचे असते हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

ही गोष्ट एकदोघींची नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होते, आणि त्यातला मोठा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. याआधी कधी तरी अशी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ होत्या. तोपर्यंत सरकारी आरोग्यसेवा स्त्रीकडे पाहायची ती बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरती. गरोदर नसलेल्या बाईच्या ओटीपोटात काय चालले आहे, हे कोणी विचारत नव्हते. त्या अभ्यासानंतर जगभर हा विषय बोलला जाऊ लागला. आपल्या वस्तीत मात्र तो अजून कुजबुजीतच आहे.

सूज म्हणजे नेमके काय

आधी आतली रचना समजून घेऊ. योनिमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भपिशवीचे तोंड असते. त्याच्या वर मुठीएवढी पिशवी. पिशवीच्या दोन्ही बाजूंना वीतभरापेक्षा कमी लांबीच्या दोन गर्भनळ्या असतात, आणि त्यांच्या टोकांजवळ बीजकोश. दर महिन्याला बीजकोशातून बाहेर पडलेले बीज ही नळी उचलून घेते. नळीच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक केसांसारखी लव असते. ती सतत हलत असते आणि बीज पिशवीकडे ढकलत नेते. पुरुषबीज आणि स्त्रीबीज यांची गाठ याच नळीत पडते.

योनिमार्गात जंतू असतातच, आणि त्यातले बरेचसे आपले राखणदार असतात. ते तिथे आम्लता टिकवून ठेवतात, म्हणून बाहेरचे घातक जंतू तिथे वाढत नाहीत. दुसरे राखण पिशवीच्या तोंडाशी असलेल्या घट्ट चिकट द्रवाचे. तो बुचासारखे काम करतो. ही दोन्ही राखणे कोलमडली, की जंतू तोंडातून पिशवीत, पिशवीतून नळ्यांत आणि तिथून बीजकोशापर्यंत व पोटाच्या पोकळीत चढतात. याला डॉक्टर लोक ‘पीआयडी’ म्हणतात. आपण ज्याला पिशवीची सूज म्हणतो, ती बहुतेक वेळा पिशवीपेक्षा नळ्यांचे जास्त नुकसान करते. नळीच्या आतली लव एकदा जळून गेली, की तिथे व्रण धरतो, जसा भाजलेल्या कातडीवर धरतो. जंतू औषधाने मरतात, पण तो व्रण औषधाने जात नाही. उपचार लवकर घ्या असे डॉक्टर पुन्हा पुन्हा का सांगतात, त्याचे कारण हे आहे.

जंतू वर चढतात ते कशाने

तरुण वयात सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे शरीरसंबंधातून येणारे दोन जंतू. एक परम्याचा, ज्याला गोनोरिया म्हणतात, आणि दुसरा क्लॅमिडिया. क्लॅमिडिया फार लबाड. लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि बऱ्याच पुरुषांनाही जाणवत नाही. म्हणजे घरात दोघेही ठणठणीत दिसत असताना आत नळी झिजत असते. परम्यात पुरुषाला बहुधा लघवीच्या जागी जळजळ आणि पू येतो, तो मेडिकलवरून चार गोळ्या आणून खातो, बरा होतो आणि घरी काही बोलत नाही. बायकोला मात्र लागण होऊन गेलेली असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. सूज निघाली म्हणजे बाईचे वागणे वाईट, असा अर्थ काढून घरात भांडणे होतात, मारहाणही होते. आपल्याकडे बहुतेक विवाहित स्त्रियांना हे जंतू नवऱ्याकडूनच मिळतात. शिवाय सूज प्रत्येक वेळी लैंगिक आजारानेच येते असेही नाही. योनिमार्गात नेहमी असणाऱ्या जंतूंचा तोल बिघडला, तरी तेच जंतू वर चढून सूज आणू शकतात. तपासणीच्या कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावता येत नाही.

दुसरे मोठे कारण बाळंतपण आणि गर्भपात. त्या वेळी पिशवीचे तोंड उघडे असते आणि आत जखम असते. अस्वच्छ हाताने, न उकळलेल्या हत्याराने किंवा वार अर्धवट आत राहिल्याने जंतू थेट वर पोचतात. हात धुण्याची गोष्ट आज साधी वाटते, पण १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी ती सांगितली, तेव्हा इतर डॉक्टरांना राग आला होता. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणी शंभरात दहाच्या घरात होत्या, त्या दोनच्या आसपास आल्या. पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, तरी सुईणीने किंवा नर्सने हात धुतले का, हे विचारायला आपण संकोचतो. विचारा.

गर्भपाताच्या बाबतीत तर संकोचापायी जीव जातो. मेडिकलवरून गोळ्या आणून घरीच घेतल्या, रक्त थांबले नाही, आत भाग राहिला, त्याला घाण वास सुटला, ताप भरला, तरी बाई कोणाला सांगत नाही. कारण तिला वाटते, आपण बेकायदा काही केले. गर्भपात १९७१ च्या कायद्याने आपल्या देशात कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत, मान्यताप्राप्त केंद्रात नोंदणीकृत डॉक्टरकडून तो करून घेता येतो. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही आणि तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर आहे. सरकारी रुग्णालयात जा, उगाच एखाद्या अंधाऱ्या खोलीत जाऊ नका.

तांबीविषयी, म्हणजे कॉपर-टीविषयी, वस्त्यांत फार भीती आहे. “तांबीने पिशवी सडते” असे बायका छातीठोकपणे सांगतात. खरे असे आहे, की तांबी बसवताना जंतू आत ढकलले जाण्याची शक्यता असते आणि तो धोका पहिल्या तीन आठवड्यांपुरता असतो. त्यानंतर तो फार कमी होतो. म्हणून बसवण्याआधी आतून तपासणी व्हावी, आधीच संसर्ग असेल तर तो बरा करून मग तांबी बसवावी. बसवल्यानंतर महिनाभरात ताप, घाण वासाचे पांढरे किंवा पोटात दुखणे सुरू झाले, तर लगेच दाखवावे. तांबी आत असताना सूज आली, तरी ती लागलीच काढावी लागते असे नाही. औषध सुरू करून दोनतीन दिवसांत फरक पडतो का ते डॉक्टर पाहतात.

कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या भगिनींना वाटते, आता आपल्याला काही होत नाही. ऑपरेशनने दिवस राहायचे थांबतात, लैंगिक आजार थांबत नाहीत. त्यासाठी निरोधच लागतो.

क्षय हे एक वेगळेच कारण, आणि आपल्या देशात ते महत्त्वाचे. दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत राहणाऱ्यांना टीबीचा धोका जास्त, हे आपल्याला माहीत आहे. पण टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. छातीतून तो रक्तावाटे गर्भनळ्यांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे गप्प राहतो. खोकला नाही, ताप नाही, पांढरे जाणेही नाही. पाळी हळूहळू कमी होत जाते किंवा बंद पडते, आणि दिवस राहत नाहीत. लग्नाला चारपाच वर्षे झाली, मूल नाही, म्हणून तपासणी केली की तेव्हा कळते. घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल, तर हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. उपचार साधारण सहा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात मोफत, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय योजनेतून पोषणासाठी खात्यावर दरमहा रक्कम जमा होते. नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे.

काय कारण नाही, तेही सांगते

सार्वजनिक संडासाच्या भांड्यावरून ही सूज येत नाही. त्या संडासांची अवस्था वाईट आहे, त्याबद्दल महापालिकेशी भांडलेच पाहिजे. रात्री जायला लागू नये म्हणून बायका पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तोही त्रासदायकच. पण तो आजार वेगळा. उष्णतेने, वांगी खाल्ल्याने, नजर लागल्याने पिशवी सुजत नाही. पांढऱ्या पाण्यातून हाडे वितळून जातात, हा तर जुना गैरसमज. त्याच्या भीतीने कित्येक मुली वाळत जातात.

थोडे पांढरे जाणे नैसर्गिकच असते. दोन पाळ्यांच्या मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे, ताणले तर तार निघणारे पाणी जाते. त्याला वास नसतो, खाज नसते. हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. रंग पिवळा किंवा हिरवट झाला, दह्यासारखे गोळे दिसले, मासळीसारखा किंवा कुजका वास आला, खाज सुटली, तर मात्र दाखवायला हवे.

पाळीच्या कापडाबद्दल उगाच लाज बाळगू नका. सॅनिटरी पॅड महाग पडतात, कापड वापरणे गैर नाही. ओलसर, अर्धवट वाळलेले कापड मात्र वाईट. अनेक घरांत ते पलंगाखाली, पत्र्याच्या मागे, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवतात. सूर्यप्रकाश लागला नाही तर जंतू तसेच राहतात. साबणाने धुऊन उन्हात टाका. लोकांनी पाहिले तर पाहिले. आणि धुण्याच्या नादात एक चूक फार जणी करतात. साबण, डेटॉल, तुरटीचे पाणी बोट घालून किंवा पिचकारीने योनीच्या आत सोडतात. याने आतले राखणदार जंतू मरतात, आम्लता जाते आणि बाहेरच्या जंतूंना मोकळे रान मिळते. बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो.

अंगावर काढल्याची किंमत

ओटीपोटात दोन्ही बाजूंना बोथट दुखणे, चालताना किंवा जिना चढताना वाढणारे, संबंधाच्या वेळी आत खोल लागणारे, कंबरदुखी, वासाचे पांढरे, संबंधानंतर किंवा मधल्या दिवसांत रक्ताचे डाग, पाळी जास्त आणि दुखरी, अंगात कणकण. ही लक्षणे सगळी एकदम दिसतील असे नाही. कधी एखादेच असते. काही जणींना उजव्या बरगडीखाली दुखते आणि पित्त समजून वर्षभर पित्ताच्या गोळ्या चालतात.

पुढे काय होते, यावर स्वीडनमधील लुंड गावातील डॉक्टर वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार चिकाटीने काम केले. दुर्बिणीने पोटात पाहून सूज पक्की ठरलेल्या अठराशेहून अधिक स्त्रियांची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूज एकदा येऊन गेली, तर शंभरातील ८ जणींना नळ्या बिघडल्यामुळे मूल झाले नाही. दोनदा आली तर सुमारे २० जणींना. तीनदा किंवा जास्त वेळा आली तर ४० जणींना. लक्षात घ्या, या स्त्रियांना रुग्णालयात व्यवस्थित उपचार मिळाले होते. उपचारच न मिळालेल्यांचे काय होत असेल, याचा अंदाज बांधा. त्याच नोंदी वापरून १९९३ मध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसले, की दुखणे सुरू झाल्यावर तीन दिवसांहून जास्त थांबलेल्यांमध्ये पुढे मूल न होणे किंवा नळीत गर्भ राहणे याचे प्रमाण जवळपास तिप्पट होते. तीन दिवस. आपण तीन वर्षे थांबतो.

नळीत गर्भ राहणे हा जीवघेणा प्रकार आहे. व्रणामुळे नळी अरुंद झाली, लव गेली, तर फळलेले बीज पिशवीपर्यंत पोचत नाही, वाटेतच रुजते. लुंडच्या अभ्यासात सूज होऊन गेलेल्या स्त्रियांच्या पुढच्या पहिल्या गर्भारपणात शंभरात ९ वेळा असे झाले. सूज नसलेल्यांत ते दीडच्या आत होते. गर्भ वाढला की नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. बाहेर रक्त थोडेच दिसते, पण बाई पांढरीफटक पडते. पाळी चुकली आहे, पोटात एका बाजूला जोरात दुखते आहे, चक्कर येते आहे, खांद्यात दुखते आहे, असे झाले तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तरी हाच विचार करावा. ऑपरेशननंतर दिवस क्वचितच राहतात, पण राहिले तर ते नळीत असण्याची शक्यता जास्त असते.

तिसरा परिणाम कायमच्या दुखण्याचा. आतली इंद्रिये एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ओटीपोट महिनोन्महिने दुखत राहते. सूज येऊन गेलेल्यांपैकी बऱ्याच जणींना हे भोगावे लागते. या दुखण्याला बाहेरून पुरावा नसतो. बाई नाटके करते, कामाला टाळते, असे घरातले म्हणतात. संबंध नको वाटतो, त्यावरून नवऱ्याशी बिनसते. आणि मूल झाले नाही तर “वांझ” हा शब्द तयारच असतो. इथे सासवांना आणि जावांना एक सांगायचे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी. सुनेच्या नळ्यांचे एक्स-रे आणि दुर्बिणीच्या तपासण्या करण्याआधी मुलाला एकदा तपासायला पाठवा.

पिशवी काढणे हा सुजेचा उपचार नव्हे

आता बीडकडे वळते. मराठवाड्यातून ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्या किती तरी भगिनी आहेत, आणि शहरांतल्या वस्त्यांत त्यांचे नातेवाईक आहेत. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभराचे हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

असे का झाले, ते फडावर जाऊन आलेल्यांना वेगळे सांगायला नको. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरलेला. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पहाटे फडात, पाल टाकून राहणे, पाणी नाही, आडोसा नाही, पाळीतही मोळ्या उचलायच्या. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून डॉक्टरकडे गेले, तर काही ठिकाणी सोनोग्राफी दाखवून सांगितले गेले, की पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. चौदा दिवसांच्या गोळ्यांनी बरा होऊ शकणारा आजार, पण गोळ्या लिहून देणाऱ्याला त्यात फारसे मिळत नाही. सारा दोष बाईच्या अडाणीपणावर टाकणाऱ्यांचे मला पटत नाही. खाडा चुकवायचा असेल, कर्ज फेडायचे असेल, तर “एकदाच काढून टाका” हे तिला परवडणारे वाटते.

परवडत मात्र नाही. ऑपरेशनसोबत बीजकोशही काढले तर पस्तिशीतच पाळी गेल्याची अवस्था येते. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता असते. ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली, ती कित्येकींची तशीच राहते. पिशवी काढण्याची खरी गरज काही वेळा असते: कर्करोग, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, बाहेर आलेले अंग. नुसते पांढरे जाणे किंवा तोंडावरची सूज हे त्याचे कारण होत नाही, आणि पांढरे जाण्याचा पुढे कॅन्सर होतो हेही खरे नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविषयीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना सांगितले आहे. कोणी पिशवी काढायला सांगितले, तर कागद घेऊन सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्या. खरोखर तातडी असलेला रक्तस्राव सोडला, तर आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

दवाखान्यात गेल्यावर

सरकारी जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि अनेक मोठ्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचा विभाग असतो. लैंगिक आणि जननमार्गाच्या आजारांसाठी तिथे तपासणी, सल्ला आणि औषधे मोफत मिळतात. तो कुठे आहे हे कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते. लक्षणांनुसार औषधांची रंगीत पाकिटे असतात. ओटीपोटातील दुखण्याचे पाकीट पिवळे.

आतून तपासणी करायची म्हटले, की निम्म्या जणी उठून येतात. लाज वाटणे साहजिक आहे. स्त्री डॉक्टर हवी असे सांगता येते आणि सोबत आपल्या ओळखीची बाई आत ठेवता येते. पण ही तपासणी टाळू नका. डॉक्टर बोटांनी पिशवीचे तोंड हलवून पाहतात. त्या वेळी दुखले, तर सुजेची ती मुख्य खूण. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सूज नाही असे होत नाही, सुरुवातीची सूज तिच्यात दिसतच नाही. त्याआधी गर्भतपासणी करतात, कारण काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. एचआयव्ही आणि गरमीची रक्ततपासणीही सुचवतात. त्यात अपमान वाटून घेऊ नये.

औषध बहुधा दोनतीन प्रकारच्या प्रतिजैविकांचे मिळून असते, कधी सोबत एक इंजेक्शन, आणि गोळ्या चौदा दिवस. गल्लीतल्या डॉक्टरकडे सलाईन लावून तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या तर दुखणे थांबते आणि जंतू दबून राहतात. एका गोळीने तोंड कडू पडते, मळमळते, लघवी गडद होते. म्हणून बायका पाचव्या दिवशी पाकीट डब्यात ठेवून देतात, आणि पुढे जावेला दुखले की तिला देतात. तसे करू नका. काही खाऊन, भरपूर पाण्यासोबत गोळी घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. त्या दिवसांत दारू अजिबात चालत नाही. हे नवऱ्यालाही लागू आहे, कारण औषध त्यालाही घ्यायचे आहे.

दुखणे सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत ज्याच्याशी संबंध आला, त्याला त्रास नसला तरी तपासून औषध द्यावे लागते. बायको चौदा दिवस गोळ्या खाते, नवरा दवाखान्याच्या दारातून परत जातो, आणि महिन्याभरात सूज पुन्हा हजर. वर दिलेले आकडे आठवा: दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सूज आली की काय होते. “माझ्यात काय आहे, मी कशाला येऊ?” असे तो म्हणाला, तर क्लिनिकमधील समुपदेशकाला त्याच्याशी बोलायला सांगा. काही ठिकाणी त्याच्यासाठीचे पाकीट बायकोजवळही देतात. दोघांचे औषध पूर्ण होऊन लक्षणे जाईपर्यंत संबंध ठेवू नये. त्यानंतरही नवरा कामासाठी महिनोन्महिने बाहेर राहत असेल, तर निरोध वापरण्याचा आग्रह धरावा.

औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला जायचे असते. तोपर्यंत दुखणे आणि ताप कमी व्हायला हवा. नसेल, तर आत पुवाची गाठ आहे का ते सोनोग्राफीने पाहतात आणि भरती करून शिरेतून औषध देतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, ताप खूप असेल, पोट दगडासारखे कडक झाले असेल किंवा बाई गरोदर असेल, तर पहिल्या दिवशीच भरती व्हावे लागते. जाताना आधीच्या गोळ्यांची रिकामी पाने, जुने कागद आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत न्या. तारीख आठवत नसेल, तर या महिन्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला लागा. विहारातील महिला मंडळाच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचले, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोचेल, आणि बैठक संपल्यावर कोणी बाजूला घेऊन काही विचारले तर त्या भगिनीसोबत दवाखान्यात कोण जाणार, हे तिथेच ठरवून टाका.